होल्गरची जीभ

बालवाडीचं काम हाती घेतलं तेव्हाच मी आस्ताला, म्हणजे बायकोला, सांगून टाकलं होतं की ही शेवटची इमारत. त्यानंतर करवत भिंतीला टांगायची आणि आपण अंगणात बसायचं. ती म्हणाली, "बसशील बसशील. चार दिवसांनी चांगलं कुंपण मोडून परत बांधायला घेशील." चाळीस वर्षांच्या संसारानंतर बायको असं बोलते तेव्हा उत्तर द्यायचं नसतं. मी चौसष्ट वर्षांचा सुतार, दोन्ही गुडघे गेलेले, आणि सकाळी बूट घालायला बसलो की उठावंसं वाटत नव्हतं.

आमचं बेट डेन्मार्कच्या दक्षिण टोकाला आहे. इथे मी घरं बांधली आणि आयुष्यभर त्यांच्या भिंतींत ग्लासवूल, म्हणजे काचेची लोकर, कोंबलं. थंडी अडवायला त्याच्यासारखं काही नाही, आणि अंगाला खाज सुटायलाही. मग कायदा आला. नवी इमारत उभी करताना तुम्ही हवा किती बिघडवणार ते आधी कागदावर दाखवायचं, मर्यादेबाहेर गेलं तर परवानगी नाही. ग्लासवूल भट्टीत वितळवून करतात, म्हणजे ते वाईट. सिमेंट वाईट. ज्या ज्या वस्तूवर माझा हात बसला होता, ती ती वाईट निघाली. त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं, तेवढं मलाही कळतं. पण आपण जन्मभर केलं ते चुकीचं होतं, हे मान्य करायलासुद्धा अंगात ताकद लागते.

नगरपालिकेनं ठरवलं की गावची नवी बालवाडी लाकूड, माती आणि समुद्रगवताची करायची. कोपनहेगनहून सिग्ने नावाची आर्किटेक्ट आली. वय चौतीस, गमबूट कोरे करकरीत, पण पोरगी हुशार. पहिल्याच दिवशी तिनं मला विचारलं, "व्हेर्नर, तुला भिंतीत गवत भरता येईल का रे?" आमच्याकडे राजघराणं सोडलं तर सगळ्यांना अरे-तुरे, त्यामुळे माझ्या मुलीहून लहान बाई मला अरे म्हणाली याचं काही वाटलं नाही. गवत म्हणाली याचं वाटलं.

"गाईला घालतात ते?" मी विचारलं.

"नाही, होल्गर गोळा करतो ते."

होल्गर म्हणजे आमच्या बेटावरचा एकोणऐंशी वर्षांचा एकटा म्हातारा. समुद्रगवत उथळ पाण्यात तळाशी वाढतं, फितीसारखं लांब. वादळात उपटून किनाऱ्यावर येऊन पडतं, आणि त्याचा वास येतो म्हणून सुट्टीला आलेले शहरी लोक नाक मुरडतात. जुन्या काळी बेटावरची माणसं ते गाद्यांत भरत, छपरावर घालत, भिंतीत कोंबत. ते सहजी पेटत नाही, कुजत नाही, उंदीर त्याला तोंड लावत नाहीत. नंतर ग्लासवूल आलं आणि सगळ्यांनी ते सोडून दिलं. होल्गरनं सोडलं नाही. त्याचा बाप करायचा म्हणून तो करत राहिला, आणि गावानं त्याला पन्नास वर्षं वेड्यात काढलं. त्यात मीही होतो.

काम म्हटलं तर सोपं. गवत किनाऱ्यावरून आणायचं, शेतात पातळ पसरायचं आणि पावसाची वाट बघायची. तीन-चार चांगले पाऊस झाले की समुद्राचं मीठ धुऊन निघतं. मग वाळवायचं, गठ्ठे बांधायचे. मीठ राहिलं तर मात्र ते गवत भिंतीत बसून हवेतली ओल ओढत राहतं. खिळे गंजतात, लाकूड ओलं राहतं आणि काही वर्षांत भिंत आतून जाते. म्हणून गठ्ठे बांधण्याआधी होल्गर एक काडी ओढून काढायचा, जिभेवर ठेवायचा आणि डोळे मिटायचा. मग म्हणायचा, "चालेल." किंवा, "अजून नाही." झाली तपासणी.

सिग्नेनं सुरुवातीला त्याच्या जुन्या गठ्ठ्यातला नमुना प्रयोगशाळेत पाठवला होता. पंधरा दिवसांनी कागद आला, आणि होल्गरनं काडी चोखून जे सांगितलं होतं तेच त्यात छापून आलं. त्यानंतर कुणी कागद मागितला नाही. आमच्याकडे शेतकरी रस्त्याकडेला बटाट्यांच्या पिशव्या आणि शेजारी एक डबा ठेवून निघून जातात. घेणारा पैसे टाकतो, बघायला कुणी नसतं. तसाच होल्गरच्या जिभेवर आमचा विश्वास होता. वर्तमानपत्रात त्याचा फोटो आला, तोंडात काडी धरलेला. ज्या दुकानदारानं त्याला जन्मभर शेवाळवाला म्हणून हाक मारली होती, त्यानंच तो कापून काचेवर चिकटवला.

पुढच्या वर्षी मे कोरडा गेला. जूनही कोरडा गेला. आता, आमच्या देशात उन्हाला नावं ठेवणारा माणूस अजून जन्माला यायचाय. सगळा गाव अर्धे कपडे काढून पाण्यात होता. बालवाडीची मुख्य बोडिल हिनं साइटवरची मीटिंग रद्द करून पोहायला जाऊ या म्हटलं, आणि आम्ही सगळे गेलो, सिग्नेसुद्धा. गवताला पाऊस लागतो हे प्रत्येकाला तोंडपाठ होतं. पण असा उन्हाळा चालू असताना पावसाची आठवण काढणं म्हणजे लग्नात सुतकाचा विषय काढण्यासारखं. एकदाच, जूनमध्ये, होल्गरच्या शेतावरून जाताना, मी सायकल थांबवली होती.

"होल्गर, पाऊस कमी नाही का झाला?"

"दव पडतंय की भरपूर." त्यानं एक काडी उचलली, चोखली, डोळे मिटले. "चालेल."

मी पुढे निघालो. पाणी छान होतं त्या दिवशी.

सप्टेंबरात आम्ही भिंती भरायला घेतल्या. खरं सांगायचं तर मला ते काम आवडायला लागलं होतं. हातांना खाज नाही, घशात धूळ नाही, गवत दाबलं की मऊ मागे यायचं. संध्याकाळी घरी गेलो की अंगाला किनाऱ्याचा वास यायचा. हे मी कुणालाही कळू दिलं नाही. पन्नास वर्षं एखाद्याला हसल्यावर एकदम कौतुक कसं करणार?

ऑक्टोबरच्या तिसऱ्या आठवड्यात शेवटची भिंत राहिली होती, पोरांची जाकिटं टांगायच्या खोलीतली. बाहेर वारा सुटला होता आणि माझा खालचा ओठ फुटला होता. मी गवत भरत होतो आणि ओठ असा झोंबायला लागला की डोळ्यांत पाणी आलं. तेवढ्यात बोडिल आली. प्रत्येक पोराच्या खुंटीवर कुठलं चित्र लावायचं ते ती ठरवत होती.

"ओठाला काय झालं रे? आस्ता चावली का?"

"या वयात?"

"तेच म्हणते मी, या वयात." आणि हातातली चित्रं मोजत ती गेली.

ती गेल्यावर मी एक काडी उचलून जिभेवर ठेवली. खारट. नुसती खारट नाही, समुद्राच्या पाण्याचा घोट घ्यावा तशी. दुसरा गठ्ठा फोडला. तोही तसाच. मग मी पहिल्या भिंतीकडे गेलो, सहा आठवड्यांपूर्वी बंद केलेल्या. तिथली एक फळी काढली. आतल्या खिळ्यांची डोकी केशरी झाली होती आणि गवताला हात लावला तर दमट.

मी एक बादली पालथी घातली आणि तिच्यावर बसलो. उद्घाटनाला तीन आठवडे होते. अकरा भिंती बंद झाल्या होत्या. पाच-सहा वर्षं त्या काही बोलणार नव्हत्या. तोवर मी कामातून सुटलेला, आणि होल्गर बहुधा बायकोशेजारी मातीत. मला वाटलं, गप्प बसावं. अगदी खरंच वाटलं. लाज वगैरे आली नाही, फक्त इतका थकवा आला की त्या बादलीवरच झोपावं. पण त्या शेवटच्या भिंतीवर छत्तीस पोरांची जाकिटं टांगायची होती. मी उठलो आणि होल्गरकडे गेलो.

त्यानं काही न विचारता कॉफी ओतली, वर दूध घातलं. मी एक घोट घेतला आणि परत कपात सोडला. दूध फाटलेलं होतं. होल्गर समोर बसून तीच कॉफी शांतपणे पीत होता, अर्धा कप संपवला होता त्यानं.

"होल्गर, दूध नासलंय."

त्यानं कपात वाकून पाहिलं. बराच वेळ पाहिलं. "कधी कळलं?"

"आत्ता, घोट घेतल्यावर."

"दुधाचं नाही विचारत."

मग मला उमगलं. "तेही आत्ताच," मी म्हणालो. "गवत खारट आहे, होल्गर."

"किती?"

"समुद्र."

त्यानं कप बशीत ठेवला. "जानेवारीत ताप आला होता. आठ दिवस. ताप गेला तो जीभ घेऊनच गेला, नाकही. एल्लानं, बायकोनं, सफरचंदाचा केक कसा करायचा ते वहीत लिहून ठेवलंय, तिच्या अक्षरात. मार्चमध्ये मी तो करून बघितला. म्हटलं, तो तरी लागेल. ओला पुठ्ठा खातोय असं वाटलं."

"सांगायचंस ना मग."

"कुणाला? त्या पोरीला?" तो म्हणाला. "जन्मभर लोक म्हणत होते, होल्गर कचरा गोळा करतो. तूही म्हणायचास. पहिल्यांदा कुणीतरी शहरातून आलं आणि म्हणालं, तुझंच बरोबर होतं. आणि तिला मी सांगू, की बाई, आता मला काही कळत नाही?"

मी कप बाजूला सरकवला.

"डॉक्टर म्हणाला, परत येईल. रोज सकाळी चिमूटभर मीठ जिभेवर ठेवून बघत होतो. वाटायचं, आज आलं असेल. गवत बघून, हातानं चाचपून अंदाज यायचाच थोडा. उन्हाळा असा निघेल असं नव्हतं वाटलं." त्यानं टेबलावरचे पावाचे कण गोळा केले. "गुरुवारी मीटिंग आहे ना साइटवर? मी येतो. मी सांगतो सगळ्यांना."

"मी आधी बोलून ठेवू का सिग्नेशी?"

"तू भिंती उघड. बोलायचं माझं मी बघतो."

गुरुवारी तो आला. धुतलेला शर्ट, केस पाणी लावून बसवलेले. साइटवरच्या पत्र्याच्या खोलीत आम्ही पाच जण होतो: सिग्ने, बोडिल, नगरपालिकेचा अधिकारी, होल्गर आणि मी. भिंती परत उघडाव्या लागतील एवढंच मी फोनवर कळवलं होतं. सिग्नेचा चेहरा उतरला होता. तिनं सरळ विचारलं, "कसं झालं हे?"

होल्गरनं दोन्ही हात टेबलावर ठेवले. घसा खाकरला. "त्याचं असं आहे," तो म्हणाला, आणि थांबला. त्यानं परत घसा खाकरला. अधिकाऱ्यानं पेन उघडलं आणि त्याच्याकडे बघत बसला. पाव मिनिट गेलं असेल, मला तासाभरासारखं वाटलं. त्या म्हाताऱ्याचं अडखळणं मला बघवेना. आणि मला घरी जायचं होतं, पाय वर करून पडायचं होतं. ही दोन्ही कारणं खरी आहेत, त्यातलं एकच सांगितलं तर ते खोटं होईल.

"चूक माझी आहे," मी म्हणालो. "जुलैत होल्गरनं मला सांगितलं होतं, हा अर्धा माल कच्चा आहे, वेगळा ठेव, पावसात परत पसरायचाय. मी विसरलो. सगळं एकत्र केलं."

होल्गरनं माझ्याकडे पाहिलं. टेबलावरचे हात त्यानं खाली घेतले.

सिग्नेनं मोठा श्वास सोडला. "म्हणजे पद्धत चुकलेली नाही," ती अधिकाऱ्याला म्हणाली. "गवत चुकलेलं नाही, होल्गरचंही काही चुकलं नाही. साठवण्यात घोटाळा झालाय. असं लिहिता येईल ना?" असं लिहिता येत होतं. त्यानं लिहिलं. बोडिल मला म्हणाली, "होतं रे असं, वय झालं की," आणि माझा हात थोपटला. ते थोपटणं मला लागलं.

बाहेर होल्गर सायकलीचं कुलूप काढत होता. किल्ली लागत नव्हती.

"झालं एकदाचं," मी म्हणालो.

"काय झालं?"

"म्हणजे तुला बोलावं लागलं नाही."

"तीन दिवस पाठ करत होतो मी," तो खाली बघतच म्हणाला. "आरशासमोर. एकटा राहणारा माणूस आहे मी, मला बोलायला वेळ लागतो. तुला माहीत आहे ते."

"तुझं नाव राहिलं ना पण."

कुलूप निघालं. त्यानं साखळी हाताला गुंडाळली. "माझ्याकडे सांगायला एकच खरी गोष्ट उरली होती, व्हेर्नर. ती तू घेऊन गेलास," तो म्हणाला आणि सायकल हातात धरून चालत गेला.

घरी आस्ताला सगळं सांगितलं. ती बटाटे सोलत होती. "म्हणजे तू चांगुलपणा केलास की आळस?"

"दोन्ही."

"मग आळसच जास्त असणार. दुपारी तीननंतर तुला चांगुलपणा जमत नाही."

नोव्हेंबरात आम्ही अकरा भिंती उघडल्या. फळ्या काढायच्या, गवत ओढायचं, खिळे बदलायचे. बांधण्यापेक्षा मोडण्याचा थकवा वेगळा असतो, तो रात्रीच्या झोपेनं जात नाही. गवत परत पसरायला फुटबॉलचं मैदान मागितलं, तर क्लबवाले म्हणाले, मिठानं आमची हिरवळ जळेल, तुमचं हिरवं काम तुमच्यापाशी ठेवा. शेवटी ते होल्गरच्याच शेतात गेलं, पण जागा कमी, त्यामुळे थर जाड झाला. पाऊस मात्र धो धो पडला. होल्गर रोज यायचा, शेताच्या त्या टोकाला दाताळ्यानं गवत उलटत राहायचा. मी या टोकाला. मधे शंभर पावलं. मी हात केला तर तोही करायचा, तेवढंच.

उद्घाटन लांबलं. पोरं व्यायामशाळेच्या एका कोपऱ्यात चटया टाकून राहिली. आणि गावात माझं नाव झालं. दुकानात बायका एकमेकींना हळूच सांगायच्या, व्हेर्नर हल्ली विसरतो. एका गिऱ्हाईकानं छपराचं ठरलेलं काम नको म्हणून सांगितलं. ते काम मला करायचंच नव्हतं, तरी रात्रभर मला ते टोचलं. खोटं बोलताना वाटलं होतं, आपल्याला काय फरक पडतो. पडला.

डिसेंबरात गवत टोमॅटोवाल्याच्या रिकाम्या काचघरात हलवलं. तिथे ते फेब्रुवारीपर्यंत ढिगांनी वाळत पडलं होतं. मग बोडिलनं पालकांना कामाचा शनिवार कळवला. हे आमच्याकडे दरवर्षी असतंच: आईबाप येतात, बालवाडीचं कुंपण रंगवतात, वाळू बदलतात. या वेळी गवत भरायचं होतं. सकाळी नऊला तीसएक माणसं हातमोजे घालून काचघरात हजर. टेबलावर कॉफीचे थर्मास आणि दालचिनीचे पाव, वर फडकं झाकलेलं. सिग्ने आली, बरोबर वर्तमानपत्राचा फोटोग्राफर.

आदल्या संध्याकाळी मी एकटा जाऊन प्रत्येक ढिगातली काडी चाखून आलो होतो. मीठ नव्हतं. मी सिग्नेला तसं सांगितलंही.

"छान," ती म्हणाली. "तरी होल्गरला बघू दे. तुझ्यावर विश्वास नाही असं नाही, व्हेर्नर. पण मागच्या वेळी त्याचं ऐकलं असतं तर ही वेळ आली नसती ना?"

ती वेळ मीच घडवली होती. मी खोटं बोललो म्हणून होल्गरची जीभ पहिल्यापेक्षा मोठी झाली होती, आणि आता तीस माणसांसमोर तिची परीक्षा होती.

होल्गरला पुढे बोलावलं. लोकांनी वाट करून दिली. त्यानं टोपी काढून खिशात कोंबली, कोट काढला, बाही वर केली. मग सगळ्यांत मोठ्या ढिगात त्यानं हात खांद्यापर्यंत आत घातला. पार तळाशी चाचपलं आणि एक लांब काडी ओढून काढली. जिभेवर ठेवली. सवयीनं डोळे मिटले. फोटोग्राफर गुडघ्यावर बसला.

होल्गरनं डोळे उघडले आणि माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली, अगदी थोडी, दुसऱ्या कुणाला दिसणार नाही अशी. चालेल, म्हण. एवढा एक शब्द म्हण आणि हे संपू दे.

त्यानं तोंडातून काडी काढली.

"मला कळत नाही," तो म्हणाला.

कुणीतरी हसलं. त्यांना वाटलं, म्हातारा गंमत करतोय. होल्गर हसू थांबेपर्यंत थांबला. या वेळी त्याला वेळ मिळाला, कारण मी तोंड बंद ठेवलं होतं.

"गेल्या वर्षीच्या जानेवारीपासून मला कशाचीच चव लागत नाही," तो म्हणाला. "उन्हाळ्यात मी चालेल चालेल म्हणत होतो, ते अंदाजानं. पाऊस झाला नव्हता, मला माहीत होतं. माल वेगळा ठेव असं मी व्हेर्नरला कधी सांगितलं नव्हतं. तो काही विसरला नाही. भिंती माझ्यामुळे गेल्या." या वेळी त्याला घसा खाकरावा लागला नाही. "तुमची पोरं तीन महिने जास्त व्यायामशाळेत राहिली, तीही माझ्यामुळेच."

काचेवरून पाण्याचे थेंब ओघळत होते. सिग्ने माझ्याकडे बघत होती. बोडिलही बघत होती. फोटोग्राफरनं कॅमेरा खाली घेतला.

होल्गर माझ्यासमोर आला आणि तीच काडी त्यानं माझ्यापुढे धरली. "हा खोटं बोलतो," तो लोकांना म्हणाला, "पण याची जीभ शाबूत आहे. याला विचारा."

दुसरा मार्गच नव्हता. मी काडी घेतली आणि जिभेवर ठेवली.

खारट होती. उन्हाळ्यातल्यासारखी नाही, पण खारटच. वरून चाखलेल्या ढिगांत ते मला कळलंच नव्हतं.

मी समोर पाहिलं. तीस माणसं, हातमोजे चढवलेली, शनिवारची सकाळ मोडून आलेली. एका बापाच्या खांद्यावर पोरगी झोपली होती. चालेल म्हटलं असतं तर संध्याकाळपर्यंत भिंती भरल्या असत्या आणि माझी सुटका झाली असती. कुणी दुसरी काडी काढून बघणार नव्हतं. मी खोटं बोलतो हे त्यांना आत्ताच, या क्षणी कळलं होतं, आणि तरी ती सगळी माणसं माझ्या तोंडाकडे बघत होती.

"अजून नाही," मी म्हणालो.

कुणी कुरकुर केली नाही. त्यांनी केली असती तर मला बरं वाटलं असतं. बोडिलनं पावांवरचं फडकं काढलं आणि म्हणाली, आता आलोच आहोत तर खाऊन घ्या, मग सगळं परत शेतात पसरायचंय. लोक हातमोजे काढून टेबलाकडे गेले. सिग्ने फोनवर कुणालातरी सांगत होती की प्रत्येक ढिगाचा नमुना तळातून काढून सोमवारी प्रयोगशाळेत जाईल.

होल्गर कोट परत घालत होता. मी त्याच्याजवळ जाऊन उभा राहिलो.

"काल वरवरचं चाखलंस ना?" त्यानं विचारलं.

"हो."

"मीठ खाली उतरतं. थर जाड होता."

"हं."

"मग मघाशी मान हलवलीस ती कशाच्या जोरावर?"

मी त्या ढिगाकडे बघत राहिलो. आता त्याच्याशी खोटं बोलण्यात काही अर्थ नव्हता. "दमलोय रे मी, होल्गर," मी म्हणालो.

त्यानं कोटाची शेवटची गुंडी लावली.

"मीही दमलो होतो," तो म्हणाला. "जूनमध्ये."